नळदुर्गच्या पुलावर छत्तीस रणगाडे

सलग सात लढाया हरलेल्या माणसाने आठवी कशी मांडावी, हे नियमांच्या पुस्तकात कुठेच दिलेलं नाही. माझ्या बायकोचं म्हणणं होतं, मांडूच नये, त्यापेक्षा पत्ते खेळावेत. पण मी चाळीस वर्षं जेकार्ड मागावरच्या चादरींची नक्षी काढली आहे. ग्राफच्या कागदावर एक घर चुकलं की पुन्हा पहिल्यापासून मोजायचं, ही सवय हाडात मुरलेली. हरलो म्हणून खेळ सोडणं मला जमत नाही, आणि खरं सांगायचं तर हरणंही मला जमत नाही.

खेळ रणगाड्यांचा. मुलाकडे परदेशात सहा महिने राहिलो तेव्हा तिथल्या वाचनालयाच्या हॉलमध्ये तो पहिल्यांदा पाहिला. माझ्याच वयाची, पांढऱ्या केसांची माणसं एका लांबलचक टेबलाभोवती उभी होती. टेबलावर डोंगर, नदी, झाडं आणि बोटाएवढे रणगाडे. फुटपट्टीने अंतर मोजायचं, तेवढाच रणगाडा पुढे सरकवायचा, फासे टाकून तोफ डागायची. आणि लढाई इतिहासात झाली तशी नाही, तर झाली असती तशी. अमुक राजाकडे तमुक हत्यार असतं तर? अमुक पूल पडला असता तर? मी तीन तास उभा राहून बघितलं. सुनेला वाटलं, सासरे हरवले.

परत येताना नियमांचं पुस्तक घेऊन आलो आणि शब्दकोश मांडीवर ठेवून सगळं मराठीत उतरवलं. रणगाडे विकत घ्यायची गरज नव्हती. सोलापूरच्या पूर्व भागातली आमची शेड रिकामी झाली होती, चारही माग भंगारात गेले होते, पण जेकार्डचे जुने पत्ते मी विकू दिले नव्हते. जाड पुठ्ठ्याचे, मागाला नक्षी सांगणारी भोकं पाडलेले ते पत्ते म्हणजे माझ्या नक्ष्या. ते कापून मी रणगाडे केले. प्रत्येकाच्या कुशीला दोन-तीन भोकं आयती आली, ती चाकं म्हणून चालून गेली.

आता भाईंबद्दल. भाई म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतले निवृत्त बस ड्रायव्हर. त्यांनी बावीस वर्षं लाल डबा हैदराबाद रस्त्यावर चालवला. नळदुर्ग, उमरगा आणि परत. आमच्या घरात तेलुगू, त्यांच्या घरात दख्खनी, आणि आम्हा दोघांचं भांडण मराठीत. मी त्यांना भाई म्हणतो, ते मला मास्तर म्हणतात. पहिल्या लढाईला त्यांनी विचारलं, "मास्तर, ह्यात ब्रेक कुटं हाय?" आणि संध्याकाळपर्यंत माझे सगळे रणगाडे खोक्यात घातले. पुढच्या सहा लढायांत तेच झालं. मी आदल्या रात्रीपासून आकडेमोड करून येणार, ते टेबलाकडे एकदा डोळे बारीक करून बघणार आणि म्हणणार, "हितनं घुसतो." फुटपट्टी लावावी तर अंतर त्यांनी सांगितलं तेवढंच. याचा मला राग यायचा. माणसाने मोजल्याशिवाय बरोबर असू नये.

सामन्याला पंच म्हणून माझी बायको. तिने शाळेत तीस वर्षं मुलांना शिकवलं, त्यामुळे फासा टेबलाखाली गेला तर पुन्हा टाकायचा की नाही यावर तिच्याशी कुणी वाद घालत नाही. तिच्याकडे एक वही आहे. त्यात सात वेळा "भाईजान विजयी" असं तिच्या शाळेतल्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं. आठवीला तिथे माझं नाव यायलाच हवं, असं मी ठरवलं होतं.

म्हणून आठवी लढाई मोठी घेतली, आणि घरची घेतली. एकोणीसशे अठ्ठेचाळीस साली भारताची फौज सोलापुरातूनच हैदराबाद संस्थानात शिरली. नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती लागला आणि रस्ता मोकळा झाला. मी म्हटलं, समजा, निजामाकडे चांगले वीस जड रणगाडे असते आणि ते त्या पुलावर वाट बघत बसले असते, तर? भारताचे छत्तीस विरुद्ध निजामाचे वीस. बारा फेऱ्या. बाराव्या फेरीच्या शेवटी भारताचा एक जरी रणगाडा पुलापलीकडे असला, तरी भारत जिंकला.

बाजू वाटायची वेळ आली तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "भाई, तुम्ही निजाम घ्या."

भाईंनी हातातला फासा खाली ठेवला. मग म्हणाले, "मी का? माझा बाप हितल्या गिरणीत बदली कामगार. निजामानं त्याला एक कप चा तरी पाजला व्हता का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायकोने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी पोरांच्या रांगेत अंगठे धरून उभा आहे. तिने पर्समधून नाणं काढलं, उडवलं, आणि निजाम माझ्या वाट्याला आला. "बरं झालं," ती म्हणाली. "अडून बसायचं काम तुम्हालाच शोभतं."

नकाशाचं काम माझं. जुन्या सर्व्हे नकाशाची मोठी झेरॉक्स मिळवली, खाली कार्बन घातला आणि नदी, रस्ता, पूल, गावतळं, टेकडी असं सगळं ग्राफच्या कागदावर छापून घेतलं. मग घरं मोजायची. एक घर म्हणजे टेबलावर एक इंच. आठवडाभर हेच केलं. मंगल कार्यालयातून चार टेबलं आणून जोडली, वर माझ्याच नक्षीची तपकिरी चादर उलटी अंथरली, तिच्याखाली पत्त्यांचे गठ्ठे सारून उंचवटे केले. पुलाच्या बरोबर उत्तरेला, नदीच्या पलीकडच्या काठावर, टेकडी. पुलापासून चाळीस घरं, म्हणजे चाळीस इंच. रस्त्याच्या दोन्ही अंगाला काळं रान. भादव्यातली लढाई, म्हणून रानात चिखल, तिथे रणगाड्याची चाल निम्मी.

टेकडीवर मी माझे बारा रणगाडे चढवले आणि मला आपण काय मांडलंय ते दिसलं. माझ्या जड तोफांचा पल्ला बेचाळीस इंच. भाईंच्या तोफांचा छत्तीस. मी टेकडीवरून पूल मारू शकत होतो. पुलावरून ते टेकडी मारू शकत नव्हते. मला मारायचं तर त्यांना रस्ता सोडून चिखलात उतरावं लागणार होतं. हे मी मुद्दाम केलं नव्हतं, जमीनच तशी होती. निदान माझा तसा समज होता, आणि त्या समजाने मी रात्री छान झोपलो.

रविवारी सकाळी नऊला भाई आले. शेडमध्ये आल्या आल्या टेबलाभोवती एक चक्कर मारली. सोलापूरच्या बाजूने वाकले आणि पुलावर हनुवटी टेकवल्यासारखं करून उत्तरेकडे बघत राहिले.

"मास्तर, ह्ये टेकाड लई लांब गेलंय."

"नकाशावरून मांडलंय, भाई."

"आसंल. पन पुलाजवळ गाडी हाळू केली की त्या टेकाडावरची मेंढरं दिसायची मला. त्यांच्या पाठीवर लावलेला तांबडा रंग दिसायचा. एवढ्या लांबनं रंग दिसतोय व्हय?"

"मेंढरांवर रणगाडे चालत नाहीत," मी म्हणालो. "चला, फासे टाका."

पहिल्या तीन फेऱ्या त्यांनी रस्त्याने झपाट्याने घेतल्या. चौथीत त्यांचे पुढचे रणगाडे पुलाशी आले आणि माझी टेकडी बोलायला लागली. चौथीत तीन गेले, पाचवीत चार. त्यांनी पुलाजवळून टेकडीवर नेम धरला. बायकोने टेप लावला. चाळीस इंच. पल्ला छत्तीस. "पोचत नाही, भाईजान," ती म्हणाली. त्यांनी पुन्हा तिथेच बघितलं. मग दहा रणगाडे काळ्या रानात घातले, ते तिथे रुतले आणि मी एकेक टिपायला लागलो.

सहाव्या फेरीत ते पुन्हा म्हणाले, "न्हाय मास्तर, कायतरी चुकतंय. माझ्या अंदाजानं गोळा बसायलाच पायजे."

सात लढायांचा राग माझ्या जिभेवर येऊन बसला होता. मी म्हणालो, "नाचता येईना, अंगण वाकडं!"

भाई खाली बघून रणगाडे सरकवत राहिले. जेवायची सुट्टी झाली तेव्हा त्यांचे तेरा गेले होते आणि माझे चार.

जेवायला भाकरी, शेंगाची चटणी आणि डाळवांगं होतं. बायको त्यांना वाढत होती आणि ते नेहमीसारखं "वहिनी, लई झालं" म्हणत नव्हते. मग एकदम म्हणाले, "लेक म्हनते त्येच खरं."

त्यांची लेक लातूरला असते. गेल्या महिन्यात भाईंची स्कूटर घराच्या फाटकाला घासली, त्याआधी एकदा भाजीच्या हातगाडीला. लागलं कुणालाच नव्हतं, पण लेकीने धसका घेतला होता. स्कूटर पुतण्याला देऊन टाका, आता रिक्षाने फिरा, असं ती रोज फोनवर सांगत होती. भाई तिला उडवून लावायचे. ज्या माणसाने बावीस वर्षं पन्नास-पन्नास जीव पाठीशी घेऊन गाडी चालवली, त्याला रिक्षाने फिर म्हणायचं, याचा त्यांना अपमान वाटायचा. फाटक वाऱ्याने हललं होतं, असं ते सांगायचे. आम्हीही मान हलवायचो.

"फाटकाचं मी म्हनत व्हतो, वाऱ्यानं हाललं," ते म्हणाले. "पन ही टेकडी काय वाऱ्यानं हालली न्हाय. त्या रस्त्यावरचा एकेक दगड मला पाठ व्हता. आता डोळ्यावर न्हाय, डोक्यावर बी भरवसा न्हाय ऱ्हायला. शुक्रवारी ती येनार हाय. चावी देऊन टाकतो."

बायको म्हणाली, "भाईजान, खेळातल्या टेकडीवरून कुणी ठरवतं का असं?"

"वहिनी, मानसाला कळायला कायतरी निमित्त लागतं की."

मी हात धुवायला उठलो. मला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त चीड आली. मी मांडलेल्या लढाईत पहिल्यांदाच जिंकतोय आणि हे गृहस्थ त्याचं सुतक पाळतायत! म्हटलं, नकाशाच समोर ठेवतो. चाळीस घरं स्वतः मोजू देत, म्हणजे यात त्यांच्या डोक्याचा दोष नाही, माझ्या हुशारीचा गुण आहे हे तरी पटेल. शेडच्या कोपऱ्यातल्या कपाटातून ग्राफ काढला आणि टेबलापाशी उजेडात धरला.

कागदावर गावतळं गोल होतं. नकाशात होतं तसं, कार्बनने उतरलेलं, वाटोळं. टेबलावर मी घरं मोजून निळ्या कापडातून कापलेलं तळं होतं, आणि ते अंड्यासारखं उभट होतं.

मी चाळीस वर्षं ज्या कागदावर काम केलं तो चादरीचा ग्राफ. त्यातला मोठा चौकोन चौरस असतो, पण आतली घरं आडवी आठ आणि उभी दहा. चादरीत एका इंचात उभे धागे कमी बसतात, आडवे जास्त, म्हणून कागदावरची घरं आधीच चेपलेली असतात. तसं केलं तरच मागावर कमळ गोल येतं. आमच्या धंद्यातल्या पोराला पहिल्या दिवशी हे शिकवतात. माझ्या घरात साध्या चौरस घरांचा ग्राफ कधी आलाच नव्हता. मी कपाट उघडलं, हाताला आला तो कागद घेतला, घरं मोजली आणि प्रत्येक घराला टेबलावर इंच दिला. टेबल काही मागावर चढणार नव्हतं. पूर्व-पश्चिम सगळं बरोबर आलं होतं. उत्तर-दक्षिण जिथे आठ इंच हवेत तिथे दहा झाले होते.

टेकडी पुलापासून बत्तीस इंचांवर हवी होती. भाईंचा गोळा चौथ्या फेरीपासूनच पोचायला हवा होता. अंगण खरोखरच वाकडं होतं, आणि ते मी सारवलं होतं.

आता इथे मी काय केलं ते लिहितो. मी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

माणूस स्वतःशी किती भरभर बोलतो! मी म्हटलं, एवढी लढाई झाली, आता कशाला. मग म्हटलं, नकाशा दोघांनाही सारखाच होता. मग म्हटलं, संपल्यावर सांगू, हसतील. वहीत एकदा माझं नाव येऊ दे, मग सांगू. सातवी फेरी सुरू झाली आणि मी त्यांचे आणखी तीन रणगाडे उडवले. फासे माझ्यावर फिदा होते. आठवीत आणखी तीन. सहा आले, पाच आले, पुन्हा सहा आले, आणि दर वेळी मी खिशातला कागद चाचपत होतो. बायकोने विचारलं, "तुमचं तोंड असं का झालंय?" मी म्हणालो, वांगं तिखट होतं.

नवव्या फेरीला भाईंची चाल होती. त्यांनी हातात एक रणगाडा उचलला, पुलाशी नेला, थांबले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मास्तर, तुमीच सांगा. रस्त्यानं जाऊ का रानातनं? तुमी म्हनाल तसं करतो."

भाईंनी कधी कुणाला रस्ता विचारला नव्हता. मागे एकदा पुण्याला लग्नाला जाताना आमचा रस्ता चुकला, तासभर चुकलेल्या वाटेने गेलो, पण या माणसाने काच खाली करून कुणाला विचारलं नाही. आणि आता ते मला विचारत होते, ज्याने त्यांना सहा तास खोट्या जमिनीवर चालवलं होतं.

"थांबा, भाई," मी म्हणालो. "टेकडी चुकलीय. माझ्याकडून चुकलीय."

खिशातून कागद काढला. तळं दाखवलं, कागदावरचं आणि टेबलावरचं. घरं मोजून दाखवली, आडवी आठ, उभी दहा. बायको चष्मा पुसून वाकली आणि तिला आधी कळलं. "अहो, हा तर चादरीचा कागद!" असं म्हणून तिने कपाळावर हात मारला.

भाई बराच वेळ कागद बघत होते. त्यांना घरांशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांनी एकच विचारलं, "म्हंजी मी बरोबर व्हतो?"

"बरोबर होता."

"वहिनींना ऐकू जाईल आसं बोला."

"भाई बरोबर होते. सकाळी नऊ वाजल्यापासून बरोबर होते. मी चुकीचा होतो," मी मोठ्याने म्हणालो. बायकोने ते वहीत लिहून घेतलं. मी तिला लिहायला सांगितलं नव्हतं.

"कवा कळलं तुमाला?" त्यांनी विचारलं.

"आत्ताच," मी म्हणालो.

मी टेप घ्यायला वळलो तर त्यांनी हात आडवा केला. "मापू नका. मी ठेवतो." ते पुलाच्या अलीकडे गुडघ्यावर बसले, डोळे टेबलाच्या पातळीला आणले, बसच्या सीटवर बसल्यासारखे. मी चादर उचलून पत्त्यांचा गठ्ठा धरला. ते म्हणायला लागले, "येऊ द्या… येऊ द्या…" स्टँडवर कंडक्टर मागे उभा राहून गाडी रिव्हर्स घ्यायला सांगतो त्या आवाजात. "येऊ द्या… हाळू… जरा… बास!"

मी हात काढला. बायकोने पुलापासून टेप लावला. साडेएकतीस इंच.

ती टेप तसाच धरून राहिली. भाई गुडघ्यावरच होते, आणि त्यांना उठून विचारायचंही सुचत नव्हतं. किती, किती, एवढंच त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मी आकडा सांगितला. त्यांनी डोळे मिटले. अर्ध्या इंचाची चूक! मी चाळीस वर्षं कागदाशिवाय पाऊल न टाकलेला माणूस आठ इंचांनी चुकलो होतो.

त्या क्षणी मला माझी इतकी लाज वाटली की ती आत ठेवणं शक्यच नव्हतं. "भाई, आत्ताच नाही कळलं," मी म्हणालो. "जेवण झाल्यावर कळलं. दोन फेऱ्या मी गप्प बसलो."

बायकोने पेन खाली ठेवलं. भाई हळूहळू उठले, गुडघे झटकले, आणि मेलेल्या रणगाड्यांच्या खोक्याकडे गेले. त्यातून मोजून सहा काढले आणि एकेक करून रस्त्यावर मांडले, जिथून गेले होते तिथेच. त्यांना प्रत्येकाची जागा आठवत होती.

"आणि आधीचे तेरा?" बायकोने विचारलं.

"ऱ्हाऊ द्या त्ये. त्ये चुकीनं मेले. चूक कुनाकडनं बी व्हते, वहिनी." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ह्ये सा चुकीनं न्हाय मेले."

मी माफ करा म्हणालो. ते म्हणाले, "चाल माझी हाय. खेळा आता नीट." आणि मग हेही म्हणाले, "सोडून देऊन खेळलात तर मी हितनं उठून जाईन."

म्हणून मी सोडलं नाही. उरलेल्या चार फेऱ्या आम्ही जसं खेळलो, तसं मी आयुष्यात कधी खेळलो नाही. आता त्यांचा गोळा टेकडीवर बसत होता आणि टेकडीची सालं निघत होती. दहाव्या फेरीत माझे पाच गेले. मी उरलेले खाली उतरवून नदीच्या काठाला, बाभळींच्या आडोशाला लावले. त्यांनी ते ओळखलं आणि सहा रणगाड्यांचा मारा तिथे लावला. अकराव्या फेरीत पुलाच्या अलीकडे त्यांच्या रणगाड्यांची इतकी गर्दी झाली की त्यांचीच वाट अडली. मी घामाने निथळत होतो. बायकोने दोनदा चहा आणून ठेवला, दोन्ही वेळा तो निवला. आम्ही दोघं एकमेकांवर ओरडत होतो, आणि त्या ओरडण्यात सकाळचं काही उरलं नव्हतं.

बाराव्या फेरीला त्यांचा एक रणगाडा पुलाच्या मधोमध होता. पुढच्या चालीला तो पलीकडे गेला असता, पण पुढची चाल नव्हती. माझ्याकडे त्याच्यासमोर दोन रणगाडे, एकाच तोफेला नेम. चार किंवा वर पडलं की तो संपला. न पडता तरी मीच जिंकत होतो, कारण तो पलीकडे पोचला नव्हता. पण भाई म्हणाले, "टाका की. अर्धवट कशाला?" मी टाकला. पाच पडले.

आनंद झाला का? झाला. खोटं कशाला बोलू, सात पराभवांनंतर माझे पाय जमिनीवर राहिले नाहीत. पण मी बायकोला म्हणालो, "लिहू नकोस. अर्धी लढाई चुकीच्या जमिनीवर झाली. तेरा रणगाडे फुकट गेले. ही धरायची नाही."

"धरायची," भाई म्हणाले. "ल्ह्या वहिनी. मास्तर विजयी. हारलो त्ये हारलो. हारायचं मला काय न्हाय." त्यांनी पुलावरचा तो शेवटचा रणगाडा उचलून खोक्यात टाकला आणि खुर्चीवर बसले. सकाळपासून पहिल्यांदा ते पाठ टेकून बसले होते.

मग खिशातून फोन काढला आणि लेकीला लावला. आमच्या समोरच बोलले, दख्खनीत, ठासून. चावी मी कुणाला देत नाही. आधी डोळे दाखवतो. डॉक्टर बोलला की नको चालवू, तर त्याच्याच टेबलावर चावी ठेवून पायी घरी येतो. पण डॉक्टर बोलला पाहिजे. मी आपण होऊन बोलणार नाही. पलीकडून लेक काहीतरी म्हणत होती. "नै बेटा," ते म्हणाले, "आज मालूम हुआ. आँखाँ का मालूम नै, पन अंदाज मेरा दुरुस्त है."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आमच्या दाराशी स्कूटर वाजली. डोळ्यांच्या दवाखान्यात सोबत कुणीतरी हवं, म्हणून ते मला न्यायला आले होते. फाटकाची गोष्ट झाल्यापासून मी त्यांच्या मागे बसलो नव्हतो. दर वेळी काहीतरी काढायचो, कंबर दुखते, उन्हाचा त्रास होतो, तुम्ही व्हा पुढे, मी रिक्षाने येतो. ते ऐकून घ्यायचे आणि पुढे जायचे. आत्ताही त्यांनी मला आग्रह केला नाही. रिक्षा थांबा कोपऱ्यावर होता, आणि ते माझ्याकडे न बघता रस्त्याकडे बघत, स्कूटर चालू ठेवून थांबले होते.

मी मागे बसलो. चौकात एक ट्रक उभा होता आणि त्याच्या शेजारून रिक्षा वळत होती. मधली जागा किती होती ते मी बघितलं नाही. मी भाईंच्या खांद्यावर हात ठेवला आणि डोळे मिटून घेतले.